उभेच न राहिलेले वीजकेंद्र : किंग्जनॉर्थचा विस्तार नेमका कशामुळे थांबला?

३० सप्टेंबर २०२४ रोजी इंग्लंडमधील रॅटक्लिफ-ऑन-सोर येथील वीजकेंद्र कायमचे बंद झाले आणि ब्रिटनमध्ये कोळशापासून वीज तयार करण्याचे काम पूर्णपणे थांबले. ज्या देशात १८८२ साली लंडनच्या हॉलबर्न व्हायाडक्ट भागात कोळशावर चालणारे पहिले सार्वजनिक वीजकेंद्र सुरू झाले, त्याच देशाने १४२ वर्षांनंतर ही चूल विझवली. त्यातही विशेष म्हणजे २०१२ पर्यंत तिथली सुमारे ४० टक्के वीज कोळशातूनच येत होती. अवघ्या बारा वर्षांत ४० टक्क्यांवरून शून्यावर येणे कसे जमले, हा प्रश्न बातमी वाचणाऱ्या कोणालाही पडेल.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना बंद पडलेल्या केंद्रांची यादी बहुतेकदा समोर ठेवली जाते. मला मात्र एका न बांधलेल्या केंद्राची हकीकत अधिक महत्त्वाची वाटते. केंट परगण्यातील किंग्जनॉर्थ येथे २००६ साली कोळशावर चालणारे दोन मोठे नवे संच उभारण्याची योजना जाहीर झाली आणि चार वर्षांच्या वादानंतर ती गुंडाळली गेली. ते संच उभे राहिले असते, तर त्यांच्या मागोमाग इतरही अनेक कंपन्यांचे प्रस्ताव पुढे सरकले असते आणि २०२४ ची ती बातमी बहुधा आलीच नसती. हा विस्तार का थांबला याविषयी बरेच गैरसमज आहेत. कोणी त्याचे श्रेय आंदोलकांना देतो, कोणी मंदीला, तर कोणी सरकारला. खरे कारण समजून घ्यायचे, तर आधी कोळशाच्या केंद्रात काय घडते हे पाहावे लागेल.

किंग्जनॉर्थला आधी काय होते

लंडनच्या पूर्वेला मेडवे नदी समुद्राला मिळते. त्या खाडीच्या काठी, हू नावाच्या द्वीपकल्पावर, १९६० आणि १९७० च्या दशकांत किंग्जनॉर्थचे जुने केंद्र बांधले गेले. त्यात ५०० मेगावॅटचे चार संच होते आणि ते कोळसा किंवा खनिज तेल या दोन्हींवर चालू शकत. ‘संच’ म्हणजे बॉयलर, टर्बाइन आणि जनित्र यांची एक पूर्ण जोडणी. मोठ्या केंद्रात असे अनेक संच शेजारी शेजारी असतात आणि प्रत्येक संच स्वतंत्रपणे चालवता किंवा बंद ठेवता येतो. आकाराची कल्पना यावी म्हणून सांगायचे, तर आपल्या चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची आजची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. किंग्जनॉर्थ त्याच्या दोन तृतीयांशाएवढे होते.

वीजक्षेत्राच्या खासगीकरणानंतर हे केंद्र पॉवरजेन कंपनीकडे गेले आणि २००२ मध्ये ती कंपनी जर्मनीच्या ई.ऑन या समूहाने विकत घेतली. तोवर युरोपीय संघाने मोठ्या बॉयलरांच्या धुरातील गंधक, नायट्रोजनची ऑक्साइडे आणि धूळ यांवर कडक मर्यादा घातल्या होत्या. केंद्रांपुढे दोन पर्याय होते. एक तर धूर धुऊन काढणारी महागडी यंत्रणा बसवायची, नाहीतर १ जानेवारी २००८ पासून जास्तीत जास्त २०,००० तास चालून २०१५ अखेरपर्यंत कायमचे बंद व्हायचे. किंग्जनॉर्थच्या मालकांनी दुसरा पर्याय निवडला. २०,००० तास म्हणजे अखंड चालवल्यास ८३३ दिवस, सव्वादोन वर्षांहून थोडे अधिक. जुन्या केंद्राचा शेवट अशा रीतीने आधीच ठरलेला होता, ही गोष्ट वाचकाने लक्षात ठेवावी, कारण पुढच्या युक्तिवादाची सारी भिस्त तिच्यावर आहे.

कोळशाची वीज होते कशी, आणि उरलेली उष्णता जाते कुठे?

तत्त्व अगदी साधे आहे. कोळशाची पूड जाळायची, त्या उष्णतेने पाण्याची वाफ करायची, वाफेच्या जोराने टर्बाइनची पाती फिरवायची आणि त्या फिरण्यातून जनित्राने वीज तयार करायची. चुलीवरच्या पातेल्याचे झाकण वाफेने उडते, तोच जोर येथे पात्यांवर वापरला जातो.

अडचण अशी की कोळशातली सगळी उष्णता विजेत उतरत नाही. टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ थंड करून तिचे पुन्हा पाणी करावे लागते आणि त्यात बरीचशी उष्णता नदीला, समुद्राला किंवा हवेला द्यावी लागते. जुन्या धाटणीच्या संचात १०० रुपयांचा कोळसा घातला, तर त्यातल्या जेमतेम ३५ ते ३८ रुपयांची ऊर्जा विजेच्या रूपात हाती येते. या प्रमाणाला ‘कार्यक्षमता’ म्हणतात.

ती वाढवण्याचा एक मार्ग म्हणजे वाफेचे तापमान आणि दाब वाढवणे. प्रेशर कुकरमध्ये दाब वाढला की पाणी १०० अंशांच्या वर गेल्याशिवाय उकळत नाही, हे प्रत्येक घरात माहीत आहे. हाच दाब वाढवत नेला, तर हवेच्या दाबाच्या सुमारे २२० पट दाबाला आणि ३७४ अंश सेल्सिअसला एक विलक्षण टप्पा येतो. त्याच्या पलीकडे पाणी आणि वाफ असा भेदच उरत नाही. बुडबुडे येऊन उकळणे ही क्रियाच थांबते. या टप्प्याच्या वर चालणाऱ्या संचांना ‘सुपरक्रिटिकल’ म्हणतात. कोराडीचे ६६० मेगावॅटचे तीन संच याच प्रकारचे आहेत.

किंग्जनॉर्थला ई.ऑनने ऑक्टोबर २००६ मध्ये जाहीर केलेले ८०० मेगावॅटचे दोन संचही सुपरक्रिटिकल असणार होते. त्यांची कार्यक्षमता ४५ टक्क्यांच्या आसपास जाईल असा अंदाज होता. जुने केंद्र ३६ टक्के धरले, तर तेवढ्याच विजेसाठी कोळसा पाचव्या हिश्श्याने कमी लागणार होता. जुन्याच्या जागी नवे आले की वर्षाला जवळजवळ २० लाख टन कर्बवायू वाचेल, असे कंपनीने सांगितले. (कार्बन डायऑक्साइडला या लेखात सोयीसाठी कर्बवायू म्हटले आहे.) हा दावा गणिताच्या दृष्टीने चुकीचा नव्हता. तो कोणत्या गोष्टीशी तुलना करून केला होता, हा खरा प्रश्न होता, आणि त्याकडे आपण पुढे येऊ.

एक टन कोळसा जाळून दोन टनांहून अधिक वायू कसा निघतो?

या विषयावर बोलताना लोकांना सर्वांत जास्त बुचकळ्यात टाकणारी बाब हीच आहे. जळालेली वस्तू हलकी होते, राख उरते, मग वजन वाढते कसे? वाढते ते हवेमुळे. कोळशातला कार्बनचा प्रत्येक अणू जळताना हवेतून ऑक्सिजनचे दोन अणू उचलतो. वजनाच्या हिशेबात १२ किलो कार्बन ३२ किलो ऑक्सिजनशी जोडला जातो आणि ४४ किलो कर्बवायू तयार होतो. कोळशात ६५ टक्के कार्बन असेल, तर एक टन कोळशातून सुमारे २.४ टन कर्बवायू बाहेर पडतो. तो डोळ्यांना दिसत नाही, त्याला वास नाही, आणि चिमणीतून दिसणारा पांढरा ढग बहुतेकदा पाण्याच्या वाफेचा असतो. त्यामुळे धूर ‘स्वच्छ’ दिसला तरी हा वायू तेवढाच निघत असतो.

आता किंग्जनॉर्थचा हिशेब करू. १,६०० मेगावॅटचे केंद्र पूर्ण क्षमतेने एक तास चालले की १६ लाख युनिट वीज तयार होते. आपल्या घरच्या वीजबिलात असते तेच हे युनिट. चांगल्या सुपरक्रिटिकल संचात एका युनिटमागे साधारण पाऊण किलो कर्बवायू निघतो, म्हणजे तासाला १,२०० टन. वर्षातला ८० टक्के वेळ केंद्र चालले असे धरले, तर वर्षाला ८४ लाख टन. असे केंद्र चाळीस वर्षे चालते. जुने किंग्जनॉर्थ तेवढेच चालले. चाळीस वर्षांचा आकडा ३३ कोटी टनांच्या पुढे जातो.

वीजकेंद्राचा निर्णय हा मोटार किंवा पंखा घेण्यासारखा नसतो, हे या आकड्यावरून दिसते. पैसा एकदा काँक्रीटमध्ये ओतला की तो वसूल होईपर्यंत केंद्र चालवावेच लागते. २००६ च्या मंत्र्याने केलेली एक सही २०५० च्या नागरिकांनाही बांधून ठेवते.

‘जागा सोडून ठेवली आहे’ या शब्दांचा अर्थ

वाद वाढू लागला तेव्हा किंग्जनॉर्थच्या बाजूने एक नवा मुद्दा पुढे आला. नव्या संचांतून निघणारा कर्बवायू पुढे पकडून जमिनीखाली साठवता येईल आणि त्यासाठी केंद्राच्या आराखड्यात आधीच सोय ठेवली जाईल, असे सांगण्यात आले. हे तंत्र काय आहे ते थोडे सविस्तर पाहणे आवश्यक आहे, कारण या प्रकल्पाचे भवितव्य अखेर याच मुद्द्यावर येऊन ठेपले.

चिमणीतून निघणाऱ्या धुरात कर्बवायूचे प्रमाण अवघे १२ ते १५ टक्के असते. बाकीचा बहुतांश भाग हवेतलाच नायट्रोजन असतो. भरल्या जत्रेत दर सात माणसांमागचा एक नेमका माणूस ओळखून त्याला वेगळ्या दरवाजाने बाहेर न्यायचे, तसे हे काम आहे. त्यासाठी धूर एका रासायनिक द्रावणातून नेतात, ते द्रावण कर्बवायू धरून ठेवते. मग ते द्रावण तापवले की वायू सुटतो. तो दाबून जवळजवळ द्रवासारखा दाट करायचा, नळांतून वाहून न्यायचा आणि खोल खडकांत कायमचा कोंडायचा. किंग्जनॉर्थचा वायू उत्तर समुद्राच्या तळाखालच्या, नैसर्गिक वायू काढून रिकाम्या होत आलेल्या क्षेत्रांत नेण्याचा विचार होता. या संपूर्ण साखळीला आपण ‘कर्बसाठवण’ म्हणू.

यातला प्रत्येक टप्पा स्वतंत्रपणे माहीत होता, परंतु मोठ्या वीजकेंद्रावर सगळे टप्पे एकत्र जोडून चालवण्याचा अनुभव त्या वेळी जगात कोणाकडेही नव्हता. कोळशाच्या केंद्रावर व्यापारी प्रमाणात हे पहिल्यांदा झाले ते २०१४ मध्ये, कॅनडातील बाउंडरी डॅम येथे, आणि तेही सव्वाशे मेगावॅटपेक्षा लहान अशा एका संचावर. शिवाय या तंत्राची स्वतःचीच भूक मोठी आहे. द्रावण तापवायला आणि वायू दाबायला केंद्राने तयार केलेल्या ऊर्जेचा पाचवा ते चौथा हिस्सा खर्च होतो, असा त्या काळातला अंदाज होता. दळणाची मजुरी म्हणून गिरणीवाल्याने दर पाच पायल्यांमागे एक पायली काढून ठेवावी, तसे हे झाले. सुपरक्रिटिकल संचाने कमावलेली जादा कार्यक्षमता अशा रीतीने परत जाते.

आपल्या गावांत घर बांधताना बरेच लोक गच्चीवर खांबांच्या सळया तशाच वर सोडून ठेवतात. पुढे पैसे आले की वरचा मजला चढवू, हा त्यामागचा विचार असतो. त्यातल्या काही घरांवर मजला चढतो. पुष्कळ घरांवर पंचवीस वर्षांनीही त्याच सळया गंजत उभ्या असतात. सळया सोडून ठेवणे म्हणजे मजला बांधणे नव्हे, आणि घरपट्टी आकारणाराही सळयांना मजला समजत नाही. ‘कर्बसाठवणीसाठी जागा ठेवली आहे’ या वाक्याचा अर्थ एवढाच होता: मोकळी जमीन, जोडणीला सोयीची रचना आणि एक इच्छा. पहिल्या दिवसापासून निघणारा वायू मात्र पूर्णपणे हवेतच जाणार होता.

माझ्या मते किंग्जनॉर्थच्या वादाचे मर्म येथे आहे. ‘नंतर’ या शब्दाला किंमत नसते, म्हणून तो प्रकल्पाच्या कागदावर सहज लिहिता येतो. त्याची किंमत आजच्या खर्चात धरा असे कोणी म्हटले, की सारा हिशेब बदलतो.

मग विस्तार थांबवला कोणी?

इंग्लंडमध्ये ५० मेगावॅटपेक्षा मोठ्या वीजकेंद्राला १९८९ च्या वीज कायद्यानुसार केंद्रीय मंत्र्याची संमती लागत असे. स्थानिक परिषदेचे मत विचारले जाई. मेडवे परिषदेने जानेवारी २००८ मध्ये आपली हरकत नसल्याचे ठरवले. त्यामुळे चेंडू लंडनमधील मंत्र्यांकडे गेला.

तत्पूर्वी, ऑक्टोबर २००७ मध्ये, ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेचे कार्यकर्ते जुन्या केंद्राच्या सुमारे २०० मीटर उंच चिमणीवर चढले आणि तिच्यावर तेव्हाचे पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांचे पहिले नाव रंगवले. चिमणी साफ करण्यासाठी सुमारे ३०,००० पौंड खर्च आला आणि सहा जणांवर मालमत्तेच्या नुकसानीचा खटला भरला गेला. मेडस्टोन येथील न्यायालयात नासाचे हवामानशास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन यांनी बचावपक्षातर्फे साक्ष दिली. मोठे नुकसान टाळण्यासाठी लहान नुकसान केले, म्हणून आमच्या कृतीला कायदेशीर सबब आहे, असा आरोपींचा युक्तिवाद होता. सप्टेंबर २००८ मध्ये ज्यूरीने सहाही जणांना निर्दोष ठरवले. या निकालाने पुढच्या खटल्यांना बांधील असा कोणताही नियम तयार झाला नाही, पण सामान्य माणसांच्या ज्यूरीला हा युक्तिवाद पटला, याची नोंद राजकारण्यांनी निश्चितच घेतली. त्याआधीच्या महिन्यात, ऑगस्टमध्ये, केंद्राजवळ मोठे आंदोलन-शिबिरही भरले होते.

तरीही आंदोलनाने केंद्र थांबवले असे म्हणणे अपुरे ठरेल. नोव्हेंबर २००८ मध्ये ब्रिटनने हवामान बदलाचा कायदा केला आणि १९९० च्या तुलनेत २०५० पर्यंत उत्सर्जन ८० टक्क्यांनी घटवण्याचे बंधन स्वतःवर घालून घेतले. हे बंधन आणि किंग्जनॉर्थच्या ३३ कोटी टनांचा हिशेब एकाच टेबलावर ठेवले की विसंगती लपत नव्हती. एप्रिल २००९ मध्ये ऊर्जामंत्री एड मिलिबँड यांनी नवे धोरण जाहीर केले. यापुढे कोळशाचे नवे केंद्र उभारायचे असेल, तर त्यातल्या किमान ३०० मेगावॅट क्षमतेवर सुरुवातीपासूनच कर्बसाठवण प्रत्यक्ष चालवून दाखवावी लागेल, आणि तंत्र सिद्ध झाल्यावर ती संपूर्ण केंद्राला लागू करावी लागेल.

१,६०० पैकी ३०० म्हणजे पाचव्या हिश्श्याहूनही कमी. पर्यावरणवाद्यांना ही अट फार सौम्य वाटली आणि त्यांचे म्हणणे रास्तही होते, कारण उरलेल्या भागाचा वायू मोकळाच राहणार होता. पण या अटीने एक गोष्ट केली: ‘नंतर’ची जागा ‘पहिल्या दिवसापासून’ने घेतली. तोवर २००८ च्या आर्थिक मंदीने विजेची मागणी खाली आणली होती. ऑक्टोबर २००९ मध्ये ई.ऑनने मंदीचे कारण देऊन प्रकल्प दोन-तीन वर्षे पुढे ढकलला. मार्च २०१० मध्ये कर्बसाठवणीच्या प्रकल्पांना निधी देण्यासाठीच्या सरकारी स्पर्धेतून कंपनीला आराखड्यासाठी निधी मिळाला होता, तरीही ऑक्टोबर २०१० मध्ये तिने त्या स्पर्धेतूनच माघार घेतली. पुढच्या वर्षी स्कॉटलंडमधील लाँगॅनेट येथील दुसरा स्पर्धक प्रकल्पही खर्चाच्या प्रश्नावर रद्द झाला.

सरकारने किंग्जनॉर्थला नकाराचा आदेश कधीच दिला नाही. धूर सांभाळण्याचा खर्च वीज विकणाऱ्याच्या खात्यात मांडला गेला आणि त्या खात्यात प्रकल्प बसला नाही. मंदीने निर्णय लांबणीवर टाकला हे खरे. परंतु मंदी सरल्यावरही तो प्रकल्प कोणी पुन्हा हाती घेतला नाही, याचे कारण मंदी असू शकत नाही.

जुने केंद्र आपले ठरलेले तास संपवून १७ डिसेंबर २०१२ रोजी बंद झाले. त्याची चिमणी २२ मार्च २०१८ रोजी सुरुंग लावून पाडण्यात आली.

जुन्यापेक्षा नवे बरे, मग ते का नको?

हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि प्रामाणिकपणे घेतला जातो. नवे संच पाचव्या हिश्श्याने कमी कोळसा जाळणार होते, म्हणजे ते उभारू न देणे हे पर्यावरणाचेच नुकसान नव्हे काय?

जुने केंद्र तसेच चालू राहणार असते, तर हा युक्तिवाद बिनतोड ठरला असता. पण त्याचा शेवट कायद्यानेच ठरला होता, हे आपण पाहिले. भंगारात निघालेल्या जीपशी नव्या गाडीची तुलना करून ‘बघा, किती इंधन वाचते’ असे सांगण्यात अर्थ नाही. तुलना करायची ती त्याच पैशात घेता येणाऱ्या दुसऱ्या गाडीशी. नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या केंद्रातून एका युनिटमागे कोळशाच्या साधारण निम्माच कर्बवायू निघतो आणि पवनचक्कीच्या चालण्यातून तो निघतच नाही. या पर्यायांशी तुलना केली, की २० लाख टनांची बचत दिसेनाशी होते आणि ८४ लाख टनांची भर दिसू लागते.

एकूण उत्सर्जनावर युरोपची मर्यादा होतीच ना?

हा आक्षेप थोडा तांत्रिक आहे. युरोपीय संघात २००५ पासून कर्बवायूचे परवाने विकण्याची व्यवस्था सुरू झाली होती. एकूण परवाने मर्यादित, ज्याला जास्त वायू सोडायचा त्याने दुसऱ्याकडून परवाना विकत घ्यायचा. त्यामुळे किंग्जनॉर्थने वायू सोडला तर दुसऱ्या कोणाला तेवढाच कमी सोडावा लागेल आणि एकूण बेरीज बदलणार नाही, असे प्रकल्पाचे समर्थक म्हणत. शिधापत्रिकेवरच्या साखरेसारखी ही कल्पना आहे. परंतु दुकानात गरजेपेक्षा जास्त पोती पडून असतील, तर शिधापत्रिकेने कोणाचाच वापर आटोक्यात येत नाही. मंदीनंतर परवान्यांचा असाच सुकाळ झाला आणि २०१३ च्या वसंतात एक टनाचा परवाना ५ युरोंच्याही खाली गेला. त्या भावाने चाळीस वर्षांच्या निर्णयाला लगाम बसला नसता. ब्रिटनने त्याच वर्षी या परवान्यावर स्वतःचा वेगळा अधिभार लावला, आणि त्यानंतरच कोळशाची वीज तिथे झपाट्याने महाग होत गेली.

मग दिवे गेले का?

नवे केंद्र झाले नाही तर देश अंधारात जाईल, असे त्या काळात वारंवार सांगितले जात होते. तसे झाले नाही. आपण ज्याला भारनियमन म्हणतो, ते ब्रिटनमध्ये क्षमता कमी पडल्यामुळे लागू करावे लागले नाही. ९ ऑगस्ट २०१९ रोजी सुमारे ११ लाख ग्राहकांची वीज गेली होती, पण त्याचे कारण आकाशातली वीज कोसळल्यानंतर दोन मोठी केंद्रे एकाच वेळी बंद पडणे हे होते.

मात्र हे फुकटात झाले असे सांगणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ब्रिटनमधील विजेचा वापर २००५ च्या सुमारास शिखरावर पोहोचून नंतर उतरत गेला, ही त्या देशाला लाभलेली मोठी सवलत होती. उरलेली जागा सुरुवातीला मोठ्या प्रमाणात नैसर्गिक वायूने आणि पुढे समुद्रातल्या पवनचक्क्यांनी भरली. वायूवर विसंबण्याची किंमत २०२२ मध्ये, युक्रेन युद्धानंतर भाव भडकले तेव्हा, तिथल्या सामान्य कुटुंबांनी वीजबिलांतून मोजली. आणि जुन्या केंद्रांत काम केलेल्या लोकांच्या रोजगाराचा प्रश्न धोरणाच्या कागदांत नेहमीच शेवटच्या पानावर राहिला, याची खंत वाटते.

महाराष्ट्राने यातून काय घ्यावे?

ब्रिटनने जे केले तेच आपण करावे, असे मी म्हणणार नाही. त्यांची मागणी उतरत होती. भारताची विजेची सर्वोच्च मागणी मे २०२४ मध्ये २५० गिगावॅट, म्हणजे अडीच लाख मेगावॅटवर गेली. त्यांनी दीड शतक कोळसा जाळून समृद्धी मिळवली. आपल्याकडचे दरडोई उत्सर्जन आजही त्यांच्यापेक्षा कमी आहे. संध्याकाळी सूर्य मावळल्यावर लागणारी वीज कुठून आणायची, हा प्रश्न आपल्यापुढे खरा आहे आणि साठवणुकीच्या बॅटऱ्या, उदंचन जलविद्युत (पाणी वर चढवून ठेवायचे आणि गरजेच्या वेळी खाली सोडून वीज करायची) यांचा विस्तार होईपर्यंत तो राहणार आहे.

परंतु ‘नंतर बसवू’ हे वाक्य आपल्याही ओळखीचे आहे. डहाणूच्या ५०० मेगावॅटच्या केंद्राचे उदाहरण घ्या. चिकूच्या बागांच्या या तालुक्यात धुरातील गंधक काढणारी यंत्रणा बसवावी, ही अट केंद्र उभे राहण्याच्या आधीपासून न्यायालयापुढे होती. केंद्र १९९० च्या दशकाच्या मध्यात सुरू झाले. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानंतर न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या प्राधिकरणाने १९९९ मध्ये यंत्रणेची सक्ती केली, आणि ती प्रत्यक्ष बसली २००७ मध्ये. देशभरातील केंद्रांसाठी असेच मानक डिसेंबर २०१५ मध्ये आले, त्याची मुदत वारंवार वाढत गेली आणि जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य केंद्रांना गंधकाच्या या यंत्रणेतून सूटच देण्यात आली. भारतीय कोळशात गंधक कमी असते, हे त्यामागचे एक कारण सांगितले गेले. ते खरे आहे. पण दहा वर्षांपूर्वीही ते तेवढेच खरे होते, आणि मधल्या काळात मंजुरी मिळालेल्या प्रकल्पांच्या कागदांवर त्या यंत्रणेचे आश्वासन होते.

कोराडीत आधीच्या संचांशेजारी ६६० मेगावॅटचे आणखी दोन संच उभारण्याच्या प्रस्तावावर मे २०२३ मध्ये जनसुनावणी झाली. अशी सुनावणी आपल्या भागात झाली, तर तिथे जाणाऱ्या माणसाला अभियंता असण्याची गरज नाही. प्रकल्पाच्या अहवालात ‘तरतूद’, ‘प्रस्तावित’, ‘टप्प्याटप्प्याने’ हे शब्द जिथे जिथे येतात, तिथे खूण करावी आणि प्रत्येक खुणेपुढे तीन गोष्टी विचाराव्यात: ही यंत्रणा संच सुरू होण्याच्या दिवशी चालू असेल का, तिचा खर्च युनिटच्या दरात आज धरला आहे का, आणि ती बसली नाही तर संच बंद ठेवण्याचा अधिकार कोणाकडे आहे. चौथा प्रश्न राखेचा आहे, कारण आपल्या कोळशात राख पुष्कळ असते: चाळीस वर्षांची राख कोणत्या गट क्रमांकाच्या जमिनीवर ठेवली जाणार आहे?